बुधाला पाट मांडला तेव्हा

तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम सुरू झालं त्या सुमारास मी बोईसरला नर्स म्हणून आले. मी मूळची नगरकडची, आणि आई म्हणायची तशी तोंडाची फटकळ. स्टेशनाजवळ मिशनचा एक लहानसा दवाखाना होता. डॉक्टर पालघरहून अधूनमधून यायचे, बाकीचे दिवस मी आणि बुधा. मी सुया टोचायची. बुधा कावडीने पाणी भरायचा, व्हरांडा झाडायचा, आणि मी एखाद्या पेशंटवर खेकसले की त्याला हळूच तांब्याभर गार पाणी नेऊन द्यायचा.

बुधा कुंभवलीपलीकडच्या एका पाड्यावरचा वारली. त्याचा बाप पाड्याचा भगत होता. सुपात तांदळाचे दाणे टाकून कोणाला कसली बाधा झाली ते सांगायचा, वर कोंबडा आणि ताडी घ्यायचा. बुधा तरुणपणीच ख्रिस्ती झाला. बाप्तिस्म्याच्या वेळी पाळकसाहेबांनी नवीन नाव सुचवलं, तर म्हणाला, "देवाला मी कोण ते ठाऊक हाय ना? मग बुधाच बरा." पाळकसाहेब महिन्यातून एखाद्या रविवारी यायचे. एरवी बुधाच्या अंगणात प्रार्थना व्हायची. त्याची बायको नवसी, शेजारचा भिका, भिकाची बायको जमुना, आणखी दोनचार माणसं. सारवलेल्या जमिनीवर सगळे मांडी घालून बसायचे, बुधाही त्यांच्यातच.

मग जमुनाला हिवताप आला. मी गोळ्या दिल्या, त्या तिने घेतल्याही. बुधाने तिच्यासाठी प्रार्थना केली. ती उठून कामाला लागली, आणि पाडाभर सांगत सुटली की बुधाच्या देवाने ताप काढला. माझ्या गोळ्यांचं नावसुद्धा नाही! मला तेव्हा राग आला होता, आणि खरं सांगायचं तर अजून येतो.

पाड्यावरच्या लोकांना आजारपणात एकच माणूस माहीत, भगत. त्यांनी सरळ हिशेब लावला. बापाची शक्ती मुलात उतरली, फक्त देव नवीन. रविवारी अंगण भरू लागलं. कोणी कोंबडा आणी, कोणी ताडीचं मडकं. बुधा हात जोडून सगळं परत करायचा. मला फार कौतुक वाटायचं. ताडी परत करणारा माणूस आणखी कशाला भुलणार, असं मला वाटे. त्यालाही तसंच वाटत असावं.

पण भिकाने एका रविवारी त्याच्यासाठी पाट मांडला, जसा त्याच्या बापाला मांडायचे तसा. बुधाने तो बाजूला सारला. पुढच्या रविवारी भिकाला वाईट वाटेल म्हणून बसला. त्यानंतर मात्र बसतच गेला. तो अंगणात आला की माणसं बोलायची थांबत, बायका पदर सावरत. असं झालं की कोणाच्याही अंगावर मूठभर मांस चढतं. बुधाची प्रार्थना लांबत गेली, आवाज चढत गेला. दवाखान्यातही तो हल्ली जरा सावकाश वाकून झाडतो, असं मला वाटे.

नवसीच्या नजरेतून काही सुटत नसे. एकदा जेवताना ती म्हणाली, "पाट मांडायला उशीर झाला, तर तू भिकाच्या दाराकडं बघत व्हतास." बुधा ताटावरून उठला.

पुढचं मला नवसीनेच सांगितलं. पावसाळा सरून भाताची कापणी चालू होती. रविवारी सकाळी मंगळ्या आणि त्याची बायको बायडी आपल्या जिवलीला घेऊन आले. चारेक वर्षांची गोड पोर. ताप फणफणलेला, श्वासासरशी बरगड्या आत जात होत्या. मंगळ्याने सुपात तांदूळ आणले होते, काखेत कोंबडा. त्याने पोर बुधाच्या पाटासमोर ठेवली. सगळा पाडा जमला होता.

बुधाने पोरीकडे पाहिलं आणि म्हणाला, "हिला बाईकडं न्या. सुई लागंल."

मंगळ्या म्हणाला, "जमुनाला तू बरी केलीस. माझ्या पोरीला का नाय?" मागून कोणीतरी म्हणालं, "सुईच लागते, तर मग तुझा देव कशाला?"

हे बुधाला लागलं. देवाचं नाव खाली जाईल, असं त्याच्या मनाने घेतलं. आज मी उठलो तर हे अंगण रिकामं होईल, मग या लोकांना शुभवर्तमान कोण सांगणार? कारण अगदी धर्माचं होतं. तो पाटावरच बसून राहिला, पोरीच्या डोक्यावर हात ठेवला आणि प्रार्थना करू लागला. खूप वेळ केली. लोक माना डोलवत होते. नवसी मात्र डोळे मिटायला तयार नव्हती. ती पोरीच्या ओठांकडे बघत होती.

मध्येच बुधा थांबला. आपला आवाज आज किती चांगला लागलाय, असं त्याच्या मनात येऊन गेलं होतं. हे त्यानेच नवसीला नंतर सांगितलं. हाताखाली पोर धापा टाकत होती आणि तो स्वतःचा आवाज ऐकत होता! त्याने डोळे उघडले. जिवलीचे ओठ निळे पडत चालले होते.

तो उठला. "मी भगत नाय," तो म्हणाला. "माझ्यात काय बी नाय." त्याने पोरीला छातीशी धरलं आणि बोईसरची वाट धरली. मागून मंगळ्या शिव्या देत, बायडी रडत, आणि निम्मा पाडा.

दवाखान्याच्या दारात मी त्यांना पाहिलं आणि माझा तोल गेला. "इतका वेळ कुठे होतात? पोर मरायला टाकली होती का?" मी मंगळ्यावर ओरडत होते. बिचारा मान खाली घालून उभा राहिला. बुधाला गप्प राहता आलं असतं. त्याच्याकडे कोणी बोटही दाखवलं नव्हतं.

"त्याला बोलू नका बाई," बुधा म्हणाला. "मी बसवून ठेवली तिला. माझ्या पाटासमोर."

मला काही कळलं नाही, आणि विचारायला सवडही नव्हती. न्यूमोनिया होता. मी पेनिसिलिन दिलं, वाफ दिली, उशाशी बसून राहिले. बुधा दाराबाहेर उकिडवा बसला होता. त्याचे ओठ हलत होते, पण आवाज अजिबात नव्हता. दुसऱ्या दिवशी डॉक्टर आले, त्यांनी छाती तपासली आणि वाचेल म्हणाले. माझा जीव भांड्यात पडला. बुधाने तोंडावर पंचा धरला आणि तो लहान पोरासारखा हुंदके देऊन रडला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. तेवढंच सुचलं मला.

पण खरी परीक्षा तर पुढेच होती. जिवली बागडत घरी गेली आणि पाडा पुन्हा बोलू लागला: बुधाने उचलून नेली म्हणून वाचली, त्याच्या हातात गुण आहे. रविवारी पुन्हा अंगण भरलं, भिकाने पाट मांडला, मंगळ्या कोंबडा घेऊन पहिल्या रांगेत. बुधाला हरभऱ्याच्या झाडावर चढवायला सगळे एका पायावर तयार. त्या दिवशी मीही गेले होते.

बुधा जमिनीवरच बसला आणि त्याने सगळं सांगितलं. जमुना बरी झाली ती बाईंच्या गोळ्यांनी. जिवलीला सुईने वाचवलं. "देवानं बाईला सुई दिली आन् मला पाय दिलं. मी पाय दुमडून बसलो. का, तर तुमी माझ्याकडं बघत व्हता. ते मला ताडीपेक्षा गोड लागलं. मंगळ्या, त्या गोडीपायी तुझी पोर चालली व्हती."

मग बायडी उठली. तिने जिवलीला कडेवर घेतलं, बुधाच्या समोर थुंकली आणि निघून गेली. मंगळ्याही कोंबड्यासकट गेला. एकेक करून सगळे उठले. शेवटी नवसी, भिका, जमुना आणि मी एवढेच उरलो. बुधाने प्रभूची प्रार्थना म्हटली. 'आम्हाला मोहात पडू देऊ नको' या ओळीपाशी तो अडला, तेव्हा नवसीने ती पुढे म्हटली.

त्यानंतर पाड्यावर बुधाची किंमत राहिली नाही. वाटेत कोणी त्याला हाक मारेना. मला त्या लोकांचा संताप यायचा. इतकं खरं बोललेल्या माणसाशी असं वागतात? पण उन्हाळ्यात गोवराची साथ आली, आणि एका सकाळी व्हरांड्यात पाहते तर पाड्यावरच्या बाया पोरं काखेला मारून रांगेत बसलेल्या. सगळ्यांत पुढे बायडी, मांडीवर धाकटं. पहिल्या तापालाच आली होती.

"इकडं कशी आलीस गं?" मी विचारलं.

"मग कुठं जाऊ?" ती नाक मुरडून म्हणाली. "त्या बुधाच्या प्रार्थनेत आता काय राम नाय."

बुधा मागेच होता, खांद्यावर कावड. त्याने ऐकलं असणार. मी त्याच्याजवळ गेले आणि म्हटलं, "बुधादादा, मनावर घेऊ नका हो."

त्याने घागरी खाली ठेवल्या. रांगेतल्या पोरांकडे एकदा पाहिलं. त्याचे डोळे भरून आले होते आणि तो हसत होता.

"बाई," तो हळूच म्हणाला, "मी देवाकडं रोज हेच तर मागत व्हतो."