गिटारवाल्याचा पक्का हात

सालेकसा स्टेशनावर उतरून गिटारवाल्या खेमराजचं घर कुठं असं विचारलं, की त्या काळात शेंबडं पोरसुद्धा बोट दाखवायचं. गावाच्या कडेला, रेल्वेलाइनीच्या अलीकडे कवेलूच्या छपराचं घर, आणि ओसरीत आढ्याला टांगलेल्या, अजून तारा न चढलेल्या गिटारी. पवार या शेतकरी जातीत जन्मलेल्या माणसानं धान लावावं, धान चुरावं आणि धानाच्याच गोष्टी कराव्यात असा रिवाज. खेमराज पटलेनं तो मोडला. त्याचे वडील जियालाल येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, "दोन भाऊ धानाच्या बांधीत राबून राहिले, अन् हा पवाराचा पोट्टा रंधा मारून राहिला. कोनावर गेला, त्याच्या मायलेच विचारा." आणि मग स्वतःच खो खो हसत.

१९९९ च्या सुमारास खेमराज गोंदियात एका फर्निचरच्या दुकानात कामाला होता. दिवाण, शोकेस, ड्रेसिंग टेबल. एक दिवस रेल्वे कॉलनीतला एक गार्ड मान तुटलेली गिटार घेऊन आला. मालकानं कानावर हात ठेवले, खेमराजनं ती ठेवून घेतली. मान बसवण्याच्या निमित्तानं त्यानं तिचं पोट उघडलं, आत आडव्यातिरप्या काड्या कुठं चिकटवल्यात ते बोटांनी चाचपून पाहिलं, आणि त्या दिवसापासून माणसाचं दिवाण-शोकेसमधलं लक्षच उडालं. नोकरी सोडून तो गावी आला. पहिल्या दोन गिटारी भूमेश्वरीच्या चुलीत गेल्या. भूमेश्वरी म्हणजे त्याची बायको. तिनं त्यावर भात रांधला आणि भात बरा शिजला असंही नवऱ्याला सांगितलं. तिसरी गिटार वाजली.

वरची फळी शिवणीच्या लाकडाची, तिला तो तबली म्हणे. मान सागाची, मानेवरची पट्टी शिसमाची. फूटपट्टी त्याच्याकडे होती, पण ती बहुतेक वेळ भूमेश्वरीच्या शिलाई मशीनवर सापडे. तबली किती पातळ करायची ते त्याचा उजवा अंगठा ठरवी. रंधा मारायचा, फळी दोन हातांत धरून जराशी वाकवायची, अंगठ्यानं दाबत मधून कडेकडे जायचं. जाड राहिली तर आवाज आतल्या आत कोंडतो, पातळ झाली तर तारांच्या ओढीनं तबली उचलून येते. या दोन्हींच्या मधली जागा केसाएवढी, आणि ती खेमराजच्या अंगठ्याला ठाऊक होती. तारा चढवल्यावर त्या पडद्यांपासून किती उंच राहाव्यात, तारा जिच्यावर टेकतात ती घोडी कुठं घासावी, हेही तो तारेखालून बोट फिरवूनच बघे. त्याचं सगळं दुकान असं दहा बोटांत मावत होतं.

चार-पाच वर्षांत त्याचं नाव झालं. दिवाळीनंतर गावोगावच्या मंडईच्या जत्रा झाल्या आणि नाटकांचा हंगाम सुरू झाला की झाडीपट्टीतल्या कंपन्यांचे वाजवणारे येत. आर्केस्ट्रावाले येत, चर्चमधले लोक येत. गोंदियातला वाद्यांचा दुकानदार गोवर्धन तर त्याची गिटार काउंटरवर ठेवून गिऱ्हाइकाला म्हणे, "मशीन का माल नहीं है, हाथ का है."

आणि त्याच सुमारास एक गोष्ट सुरू झाली, जिच्याकडे सगळ्यांनी पाहिलं आणि कुणालाच ती दिसली नाही.

गिटारीच्या कडेची पट्टी वळवायची म्हणजे आधी ती पाण्यात भिजत घालायची. लोखंडी नळीत निखारे भरायचे, आणि नळी तापली की ओली पट्टी तिच्यावर दाबत हळूहळू वाकवायची. घाई केली की पट्टी कडकन मोडते, रेंगाळलं की काळी पडते. या कामाला सुतार हातात फडकं घेतो. खेमराजही घेत असे. मग कधीतरी ते फडकं त्याच्या खांद्यावरच राहू लागलं. नाटक कंपनीचा एक ऑर्गनवाला समोर बसून बघत होता. तो म्हणाला, "काय हात हाय बापा. आगीलेही मानत नाही."

"रंधा मारून मारून पक्का झाला," खेमराज म्हणाला. त्याला बरं वाटलं, आणि का वाटू नये. रंध्यानं, छिन्नीनं, तारांनी हाताला घट्टे पडतातच. पण घट्टा पडलेल्या हातालाही चटका लागतो, हे त्या ओसरीत बसलेल्या एकाही शहाण्याला सुचलं नाही. उलट 'खेमराजचा पक्का हात' ही गावाची मिरवायची गोष्ट झाली. पाहुणे आले की ते मुद्दाम नळी तापवायला लावत. कौतुक करायला काय जातं? त्याची किंमत ज्याचं कौतुक होतं तोच देतो.

त्या हिवाळ्यात भूमेश्वरी त्याच्या पाठीला तेल लावत होती. खांद्याच्या हाडाखाली तिला एक डाग दिसला, तांबूस कडेचा, मधोमध पांढुरका आणि कोरडा. धानाच्या पातीवर रोग पडतो तेव्हा तसेच ठिपके येतात. ती हसत म्हणाली, "अजी, तुमच्या पाठीवर करपा पडला."

"मंग फवारनी कर," खेमराज म्हणाला.

झालं. घरात तो शब्दच रूढ झाला. पुढच्या वर्षी दंडावर डाग आला, तेव्हा 'करपा खाली उतरला'. कमरेवर आला, तेव्हा 'औंदा पीक काही खरं नाही'. जियालालही त्या थट्टेत सामील. धानाचा रोग माणसाच्या अंगावर आला की हसू येतं. खरं नाव घेतलं असतं तर त्या दिवशी घरात कुणाला घास गिळवला नसता.

खरं नाव त्यांना माहीत नव्हतं असं मुळीच नाही. खेमराज लहान असताना नाल्यापलीकडे बकाराम नावाचा एक माणूस एकट्यानं झोपडीत राहायचा. त्याची बायको भाकरी नाल्याच्या अलीकडच्या दगडावर ठेवून माघारी फिरायची, मग तो येऊन न्यायचा. भाकरी तो दोन्ही मनगटांनी उचलायचा. बकाराम गेला तेव्हा गावानं झोपडीही जाळली. त्याचं नाव त्या घरात कुणी काढत नसे, आणि पाठीवरच्या डागाला करपा म्हणण्याचं कारणही तेच होतं. खेमराजला ते आतून कळत होतं की नाही कोण जाणे. पण त्या वर्षापासून तो उघड्या अंगानं नळावर आंघोळ करेनासा झाला.

उपकेंद्रातली नर्स नूतन रोगी शोधायच्या मोहिमेच्या वेळी घरोघर फिरायची. "अंगावर कुठं चट्टा आहे का, सुन्न पडलेला?" असं विचारायची.

"माह्या आंगावर कायचा चट्टा, बाई? बसा, चाय घ्या," म्हणून खेमराजनं तिला खाटेवर बसवलं आणि नुकतीच तारा चढवलेली गिटार छेडून दाखवली. नूतन ऐकत राहिली, चहा प्यायली आणि पुढच्या घरी गेली. भूमेश्वरी दाराआड उभी होती. तिच्या तोंडाशी शब्द आले होते, ते तिनं गिळले. पुढच्या खेपेलाही असंच झालं.

मग गिटारी परत येऊ लागल्या.

पहिली गोवर्धनकडून आली. घोडीच्या मागं तबली उचलून आली होती, तारा बोटभर वर गेल्या होत्या. "खेमराज भाई, इसका पेट फूल गया," गोवर्धन फोनवर हसत म्हणाला. खेमराजनं लाकडाला दोष दिला. शिवण ओली निघाली म्हणाला. पावसाळ्यात आणखी दोन आल्या. एका नाटकवाल्याची गिटार भर प्रयोगात घोडीपाशी उकलली, तो माणूस तोंडाला येईल ते बोलून गेला. या वेळी गोवर्धन हसला नाही. "भाई, हाथ को क्या हुआ है?" एवढंच त्यानं विचारलं.

खेमराज दिवसभर तबली हातात घेऊन बसे. वाकवी, दाबी, पुन्हा रंधा मारी. पूर्वी फळी आपणहून सांगायची की बस, आता थांब. आता ती काहीच सांगेना, आणि तो ती बोलेपर्यंत घासत राही. दिवा धरला तर पलीकडून उजेड दिसावा इतक्या पातळ फळ्या त्यानं त्या वर्षात केल्या. उजव्या हाताची करंगळी आत वळून राहू लागली; छिन्नी धरून धरून झालं, म्हणाला. एकदा तो तारा चढवत होता. भूमेश्वरी चहा घेऊन आली, तर शिवणीच्या पांढऱ्या तबलीवर लाल बोटं उमटलेली. तारेचं कापलेलं टोक त्याच्या बोटात आरपार घुसलं होतं आणि तो तसाच चावी पिळत होता.

"अजी, रगत," ती म्हणाली.

त्यानं आधी तबलीकडे पाहिलं, मग छताकडे, आणि सगळ्यात शेवटी आपल्या हाताकडे. त्या दिवसापासून घरात करप्याची थट्टा बंद झाली, पण तिच्या जागी दुसरं काही बोललं गेलं नाही. भूमेश्वरी त्याच्या हातांवर नजर ठेवू लागली. गरम पातेलं तो उचलायच्या आत आपण उचलू लागली. वहाण त्याच्या पायातून निसटली तरी त्याला कळत नाही, हेही तिच्या लक्षात आलं.

२०१० चा उन्हाळा होता. मोहफुलांचे दिवस सरले होते. सकाळी खेमराज नळीवर पट्टी वळवत बसला आणि भूमेश्वरी आत तांदूळ निवडत होती. थोड्या वेळानं ओसरीतून जळका वास आला. जनावराच्या कातड्याहाडांचा सरस आटून करपला की येतो, तसाच.

"भूमे," खेमराज ओरडला, "सरस जळून राहिला. उतरव न चुलीवरून."

भूमेश्वरीनं चुलीकडे पाहिलं. चूल थंड होती. सरसाचं डबडं कोनाड्यात होतं, आठवडाभर त्याला कुणी हात लावला नव्हता. ती उठून ओसरीत आली. खेमराज मान वळवून तिच्याचकडे बघत होता, कपाळाला आठ्या घालून, आणि त्याचा उजवा हात नळीवर टेकलेला होता.

तिनं त्याचं मनगट धरून हात बाजूला ओढला. घड्यातलं पाणी ओतलं, धुतलेल्या लुगड्याची चिंधी गुंडाळली. त्यानं चिंधी गुंडाळलेला हात पाहिला. "काऊन सांगतलं नाही?" तो म्हणाला. कुणाला म्हणाला ते त्यालाच ठाऊक. ती चपला न घालता तशीच उन्हातून उपकेंद्राकडे निघाली.

नूतन आली. तिनं जखम धुतली, पट्टी केली, मग त्याला सदरा काढायला सांगितलं. या वेळी त्यानं चहाचं नाव काढलं नाही. नूतननं पाठीवरचे डाग पाहिले. दोनदा याच खाटेवर बसून आपण गिटार ऐकून गेलो, हे तिला आठवत असणार. तिचा चेहरा तसंच सांगत होता.

"रोग बरा होते," ती म्हणाली. "गोळ्या फुकट आहेत, पन पूर्ण घ्याव्या लागतात. कोनाले घर सोडावं लागत नाही, ताट वेगळं करावं लागत नाही. ते जुनं डोक्यातून काढा."

भूमेश्वरी भिंतीला टेकून खाली बसली. एवढं ऐकायला तिनं इतकी वर्षं घालवली होती, आणि ते सांगायला माणसाला एक मिनिट लागलं. तिला रडू आलं, आणि रागही आला. नूतनचा, नवऱ्याचा आणि सगळ्यात जास्त स्वतःचा.

खेमराज मात्र हाताकडेच बघत होता. "अन् हात?" त्यानं विचारलं. "बोटं कामाले येतील न?"

"जेवढी जान शिल्लक आहे, तेवढी वाचवता येईल. गेलेली परत येईल असं मी सांगत नाही." नूतननं खिशातून पेन काढलं. "किती शिल्लक आहे ते पाहू. उजव्या हातानं सुरुवात करू. भाजलेली जागा सोडून मी पेनाचं टोक टेकवीन. जिथं लागलं, तिथं डाव्या हाताच्या बोटानं दाखवायचं. डोळे मिटा."

खेमराजनं उजव्या हाताचा तळवा वर करून मांडीवर ठेवला आणि डोळे मिटले. मान किंचित तिरपी केली, सूर लावताना करायचा तशी. नूतननं पेन टेकवलं. अंगठ्याच्या पेरावर, मग तर्जनीवर, मधल्या बोटावर, वळलेल्या करंगळीवर. मग पट्टीच्या कडेनं तळव्यावर, मग मनगटाच्या वर. प्रत्येक ठिकाणी ती थांबून त्याच्या डाव्या हाताकडे बघत होती. तो हात जागचा हलला नाही. पुन्हा एकदा तिनं अंगठ्यावर टेकवलं, जरा जोर देऊन. भूमेश्वरीनं पदराचा बोळा तोंडात घातला.

नूतननं पेनाला टोपण लावलं.

"सुरू करा न, बाई," डोळे मिटलेला खेमराज म्हणाला.

लाइनीवरून मालगाडी गेली, तिचा आवाज दूर जाईपर्यंत तो तसाच वाट पाहत बसला. मग त्यानं डोळे उघडले. नूतनच्या हातातलं बंद पेन पाहिलं, बायकोचा चेहरा पाहिला, आणि मग मांडीवरचा आपला हात. अंगठ्यावर, बोटांवर, तळव्यावर शाईचे निळे ठिपके होते. तो ते एकेक करून बघत राहिला.

बऱ्याच वेळानं त्यानं डावा हात पुढं केला. या खेपेला त्यानं डोळे मिटले नाहीत.