लाइट गेल्यानंतरची कॅसेट

देगलूरच्या बसस्थानकावर हैदराबादची गाडी लागली. मी चढून बसलो तेव्हा कंडक्टरने माझ्या मांडीवरच्या गाठोड्याकडे बोट दाखवले.

"क्या है इसमें? मिक्सर?"

"कॅसेट डेक."

"चलता क्या?"

"चलता."

"फिर सामान का टिकट लगता. बिगड़ा हुआ रहता तो भंगार बोलके छोड़ देता."

मी तिकीट काढले. आईच्या जुन्या गोधडीत गुंडाळलेला तो डेक मात्र खाली ठेवला नाही. मदनूर गेले, पिटलम गेले, रस्त्याकडेच्या पाट्यांवरची मराठी संपून तेलुगू सुरू झाली, तरी तो मांडीवरच होता. पाय बधिर झाले, पण डेक कुठे आपटू दिला नाही.

एवढे ओझे घेऊन मी का निघालो होतो ते सांगतो. माझे वडील मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, हमाली करत. आमच्या घरात पदवी घेणारा मी पहिला, आणि ती पदवी ज्या ज्या लोकांमुळे मिळाली त्यांची नावे आजही मला पाठ आहेत. नांदेडच्या वसतिगृहातला माझा खोलीसोबती हैदराबादचा होता. एका दुपारी त्याने माझ्या कानात इअरफोन कोंबला आणि म्हणाला, "सुन." तो 'बिनपंखा' नावाचा रॉक बँड होता. तालमीच्या खोलीत पंखा नव्हता म्हणून पोरांनी बँडचेच नाव तसे ठेवले होते. कर्कश गिटार, धडधडणारा ड्रम, आणि दखनीत (हैदराबादची बोली उर्दू) ओरडून म्हटलेले धृपद: "रस्ता मेरे बाप का नैं, तेरे बाप का भी नैं!" ज्याच्या बापाच्या नावावर कसलाच रस्ता नव्हता, अशा मुलाला याहून मोठा दिलासा कोणता असणार?

मी शाळेत जाऊ लागण्याआधीच तो बँड फुटला होता. त्यांचा एकच अल्बम निघाला. तो फार स्वच्छ आहे आणि अगदी मेलेला आहे. हे लोक जिवंत सापडतात ते श्रोत्यांनी जमेल तशा टिपलेल्या, त्यांच्या कार्यक्रमांच्या रेकॉर्डिंगमध्ये. कॉलेजात फिजिक्स शिकवून उरलेल्या वेळात मी ती जमवतो आणि प्रत्येकावर इंटरनेटवर मराठीत परीक्षण लिहितो. तलाठी पिकाची आणेवारी काढतो तशी मी रेकॉर्डिंगची काढतो: आवाजाला इतके आणे, कार्यक्रमाला इतके आणे. सोळा आणे मी आजवर कुणाला दिले नव्हते.

आमचा संग्राहकांचा एक गट आहे. सगळे मिळून एका जीपमध्ये मावू. गटाचे नियम दोनच. रेकॉर्डिंग विकायचे नाही, आणि कापायचे नाही. खोकला, शिट्टी, शिवी, जे टेपवर आले ते टेपवर राहते.

भांडण होते ते बिनपंखाच्या शेवटच्या कार्यक्रमावरून. हैदराबादेतल्या एका कॉलेजच्या मैदानावर तो झाला. स्टेजजवळच्या साउंड मिक्सरमधून थेट घेतलेले त्याचे रेकॉर्डिंग सगळ्यांकडे आहे आणि ते चौथ्या गाण्याच्या मध्येच तुटते, कारण लाइट गेली. गटातले ज्येष्ठ संग्राहक, ज्यांना आम्ही अण्णा म्हणतो, त्यांनी नोंद करून टाकली: 'लाइट जाताच बँड पळाला.' मी ते मानले नाही. लाइट गेली तर मिक्सर बहिरा होतो, मैदान बहिरे होत नाही. अण्णांनी उत्तर दिले, "मराठी मीडियमच्या मास्तरांनी पोवाड्यांवर लिहावे. रॉकवर मराठीत लिहिणे म्हणजे लेंग्याला इस्त्री करून नाचायला जाणे."

मी लेंग्याला इस्त्री करत राहिलो. मग मागच्या महिन्यात माझ्या एका परीक्षणाखाली दोन ओळी उमटल्या: 'त्या दिवशी मी मैदानात होते. माझ्याजवळ कॅसेट आहे. शैलजा, चिक्कडपल्ली, हैदराबाद.' कॅसेट पोस्टाने पाठवायला त्या तयार नव्हत्या आणि ती वाजवायला त्यांच्याकडे यंत्र उरले नव्हते. म्हणून यंत्र घेऊन मी निघालो.

संगारेड्डीनंतर शहर सुरू होते आणि मग ते संपतच नाही. कुकटपल्लीत गाडी इतका वेळ उभी राहिली की शेजारच्या आजोबांनी त्यांच्या भाकरीचे फडके सोडले आणि मलाही अर्धी भाकरी दिली. मुसी नदीकाठच्या बसस्थानकावर उतरलो तोच शैलजाताईंचा फोन आला.

"पोचलात का? हौ? मग असं करा, बेगम बाजार तिथून जवळच आहे. येताना चिंच घेऊन या. जुनी बघा, काळी. नवी नक्को."

आमची ओळख तोवर दोन फोनांची होती. पण मला बरे वाटले. परक्या माणसाला कुणी चिंच आणायला सांगत नाही.

बेगम बाजारात मिरच्यांच्या गल्लीतूनच जावे लागले. पोत्यांतून उडणाऱ्या तिखटाने मला अशा शिंका लागल्या की डेक छातीशी धरून मी एका दुकानाच्या पायरीवर बसलो. दुकानदाराने पाणी दिले, चिंच तोलली (तेलुगूत चिंतपंडू), आणि गाठोड्याकडे पाहत विचारले, "ये क्या बेचते आप?"

"बेचता नैं. गाना सुनने जा रा हूँ."

"इत्ता बड़ा लेके? फोन नैं है क्या मियां?"

ऑटो सुलतान बाजारातून निघाली. कापडांचे तागे, पुस्तकांचे ढीग आणि माणसे यांतून वाट काढत चिक्कडपल्लीला पोचलो तेव्हा जेवणाची वेळ टळत आली होती.

शैलजाताई पन्नाशीच्या, बँकेत अधिकारी. त्यांचे घराणे निजामाच्या काळात बिदरकडून इकडे आले. त्यांनी आधी चिंच नाकाशी धरली.

"जुनी आणली! मास्तर कामाचे आहेत. बसा, लई परेशान दिसता. आधी जेवा."

ज्वारीची भाकरी, खट्टी दाळ आणि गोंगुरा. गोंगुरा म्हणजे आमच्याकडची अंबाडीच, फक्त लसूण दुप्पट आणि तिखट तिप्पट. पानावर त्यांचे जावई निखिलही होते. ते मूळचे पुण्याचे, इथे आयटी कंपनीत. मुलगी ऑफिसला गेली होती आणि निखिल त्या दिवशी सासुरवाडीतून काम करत होते.

"देगलूर म्हणजे नक्की कुठे आलं, सर?" त्यांनी विचारले.

"तुमच्या नकाशात जिथे महाराष्ट्र संपतो, तिथून आमचं गाव सुरू होतं," मी म्हणालो. ताई खुदकन हसल्या.

जेवणानंतर कॅसेट निघाली, साडीच्या घडीतून. मी डेक लावला. सुरुवातीला आवाज असा जड आणि लांबट आला की गायक झोपेत बोलतोय असे वाटले. बसच्या हादऱ्यांनी आतला पट्टा सरकला होता. झाकण उघडून तो जागेवर बसवला, आणि खोलीत एकदम मैदान भरले. गिटार दूर होती. सगळ्यांत जवळ होता एका मुलीचा आवाज, प्रत्येक ओळीला सामील आणि प्रत्येक ओळीत बेसूर.

"कोण आहे ही?" निखिलनी विचारले.

ताईंनी पदर तोंडाला लावला. "मीच की. सासरी भजनाला जाते म्हणून सांगितलं होतं. रेकॉर्डर पर्समध्ये होता."

तेवढ्यात टेपवर कुणीतरी पुरुष म्हणाला, "ए लड़की, बैठ जा!" आणि ताईंचा विशीतला आवाज कडाडला, "तू बैठ! तेरा बाप बैठे!"

त्यांनी झटकन बटण दाबले. "नक्को. हे असं नाही देता येणार, मास्तर. माझी सासू अजून आहे. नणंदा आहेत. बँकेतली माणसं ऐकतील. माझा आवाज काढून घ्या आणि मग न्या."

"आमच्यात कापत नाहीत, ताई."

"त्यात काय!" निखिल लॅपटॉप उघडत म्हणाले. "गर्दीचा आवाज वेगळा करणारं सॉफ्टवेअर आहे माझ्याकडे. आई, तुम्ही अजिबात काळजी करू नका. फक्त बँड राहील."

जावयाने मदत म्हणून पुढे केलेला हात सासूने मागे सारायचा नसतो. ताई माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "जावईबापू म्हणतात तसंच करू."

जगात या कॅसेटची दुसरी प्रत नव्हती, आणि मी पाहुणा होतो. तरी म्हणालो, "मग मला ती नको. अख्खी देणार असाल तर द्या. नाहीतर डेक उचलून मी तसाच परत जातो."

"सर, तुम्ही फिजिक्स शिकवता ना?" निखिलना खरेच आश्चर्य वाटले होते. "नॉइज म्हणजे नॉइज. एवढ्या लांबून आलात आणि हट्टापायी रिकाम्या हाताने जाणार?"

"हट्ट म्हणा. मी शिकलो ती शाळा गुरांच्या बाजाराला लागून होती. बाहेरचा गोंगाट कापून कुणी मला शिकवलं नाही. तुमचं सॉफ्टवेअर चालवा, फक्त लाइट जाते त्याच्या पुढेही ऐका. मी अडवत नाही."

त्यांनी टेप लॅपटॉपमध्ये घेतली आणि काम सुरू केले. खरे सांगायचे तर पहिली तीन गाणी ऐकून मी हादरलो. गर्दी गेली, ताई गेल्या, गिटार काचेसारखी लख्ख झाली. निखिलनी माझ्याकडे पाहिले. उर्मटपणे नव्हे, "बघा, म्हटलं नव्हतं?" एवढेच.

मग चौथे गाणे आले. मध्येच गिटार मेली. गायकाचा आवाज गेला. त्यापुढे ड्रम तेवढा राहिला, एकटाच, धडधड, धडधड. जणू रिकाम्या मैदानात कुणी विसरून वाजवत बसले आहे.

"फाइल बिघडली का?" निखिल पुटपुटले.

"आता न कापलेली लावा," मी म्हणालो.

त्यांनी लावली. लाइट गेली. हुर्यो, शिट्ट्या, कुणीतरी "चलो घर" म्हणाले. ड्रमवाला थांबला नाही. दूरवरून, माइकशिवाय, गायक सादिक ओरडला, "मेरा आवाज गया! तुमारा कां है?" मग पर्समधल्या त्या रेकॉर्डरच्या अगदी जवळून, सर्वांच्या आधी, एकटी आणि बेसूर, ती मुलगी सुरू झाली: "रस्ता मेरे बाप का नैं..." दुसऱ्या ओळीला तिच्या रांगेने साथ दिली. तिसऱ्याला मैदानाने. अख्खे गाणे, नंतर आणखी एक, फक्त ड्रम आणि माणसे. मधूनमधून पुसट सादिक, तोही त्यांच्यातलाच एक होऊन गात होता.

बँड पळाला नव्हता. बँड मैदानात पसरला होता.

टेप संपली. निखिलनी लॅपटॉप मिटला.

"जावईबापू," ताई म्हणाल्या, "तुमची मशीन हुशार आहे. पण तिनं मला काढलं, की सादिकही गेला."

"हो आई. पण तुमच्या सासूबाई..."

"सासूबाईंना मीच ऐकवते. त्यांना विचारते, 'सांगा, ही कोण भजनाला गेली होती?'" मग माझ्याकडे वळून, "मास्तर, अख्खी न्या. 'तेरा बाप बैठे'सकट."

निखिलनी स्वतः प्रत करून दिली, एक अक्षर न गाळता. निघताना त्यांनी डेक बसस्थानकापर्यंत उचलला. "हा इतका जड कसा काय?" एवढेच वाटेत म्हणाले. ताईंनी गोंगुऱ्याच्या लोणच्याची बरणी दिली होती, ती मी धरली.

परतीच्या बसमध्ये संगारेड्डीच्या पुढे कपाशीच्या रानांवर चांदणे पडले होते. मला वसतिगृहातला तो सोबती आठवला, वडिलांचे खांदे आठवले. लोक मला सांगत आले की आधी स्वतःतला गावाकडचा आवाज पुसून घे, मग आत ये. सांगणारे वाईट नव्हते. त्यांना मी स्वच्छ ऐकू यायला हवा होतो, इतकेच. पण मी तसाच आत आलो, आणि तसाच राहणार आहे.

दुसऱ्या दिवशी कॉलेजला जाण्याआधी परीक्षण लिहिले. मराठीतच. 'आवाज: पाच आणे. कार्यक्रम: सोळा आणे.'

अण्णांनी ऐकले आणि लिहिले, "यात बँड आहे कुठे? सगळी पब्लिकच आहे."

मी उत्तर दिले, "पुन्हा ऐका."

मग ताईंचा फोन आला. "सासूबाईंनी दोनदा ऐकलं. माझ्या आवाजाला किती आणे दिले, ते विचारतात."

"तुम्ही फार बेसूर आहात, ताई. दीड आणा."

"हौ," त्या म्हणाल्या. "पण सुरुवात मीच केली."