गुरुवारचे पाच फोटो

माझी मुलगी पंधराव्या वर्षी माझ्याशी बोलेनाशी झाली. भांडण नाही, राग नाही. दार हळूच लोटून घ्यावं तसं तिनं बोलणं लोटून घेतलं. "हो", "नाही" आणि "जेवले" या तीन शब्दांत तिचा दिवस भागायचा. आणि मी कोण? तर लग्नाच्या पंगतीत ज्याच्या शेजारचं पान धरायला लोक धावतात, तो माणूस. बोईसरच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो. तिथे चार बोल्ट मागायला आलेलाही गोष्ट ऐकल्याशिवाय सुटत नाही. बायको डोंगरातल्या आश्रमशाळेत शिक्षिका. शनिवारी संध्याकाळी येते, सोमवारी पहाटेच्या एसटीनं जाते. म्हणजे चिंचणीच्या त्या घरात बाकीचे दिवस आम्ही दोघंच, आणि त्यातला बोलणारा मी एकटा. शेवटी मी मांजराला गोष्टी सांगू लागलो. तेही मध्येच उठून जायचं.

अशात मुलीच्या दातांचं निघालं. वरचे पुढचे दोन दात एकमेकांवर चढलेले होते. बोईसरच्या डॉक्टरीणबाईंनी तारा न लावता अलाइनर सुचवले. अलाइनर म्हणजे दातांवर घट्ट बसणारे पारदर्शक प्लॅस्टिकचे साचे. दर दोन आठवड्यांनी नवा जोड. खाताना, दात घासताना काढायचे, एरवी दिवसरात्र तोंडात. दात ठरल्याप्रमाणे सरकताहेत ना, हे बाईंना कळावं म्हणून आठवड्यातून एकदा मोबाईलवर पाच फोटो काढून पाठवायचे होते. समोरून, उजवीकडून, डावीकडून, वरची ओळ, खालची ओळ. त्यासाठी गाल ताणून धरणारी एक प्लॅस्टिकची कडी त्यांनी दिली. ती तोंडात बसवली की ओठाला ओठ लागत नाही. "पप्पा" म्हणता येत नाही, "पुरे" म्हणता येत नाही, "बस" तर नाहीच नाही.

मी ती कडी बघितली आणि मनातल्या मनात हात जोडले. वर्षभरानं श्रोता मिळत होता, तोही तोंड बांधून.

गुरुवारी तिला क्लास नसायचा. मी कामावरून आलो की ती मागच्या पायरीवर येऊन बसे, कारण उजेड तिथे चांगला. चिकूच्या झाडांकडे तोंड, हनुवटी वर, कडी बसवलेली. पहिल्याच गुरुवारी मी मोबाईल धरला आणि घसा साफ केला. माझे एक चुलत आजोबा होते, म्हणजे तिचे पणजोबाच. जन्मभर वाडीत राहिलेले, समुद्राला पाय लावायचे ते फक्त गणपती बुडवताना. त्यांना एडवणला मुलगी बघायला न्यायचं ठरलं, आणि हे महाशय पहाटे पळून नवापूरच्या एका होडीत जाऊन बसले. होडी निघाली. दहा मिनिटांत पोटातलं सगळं ओठांशी आलं. होडीचा तांडेल सुकाणू धरून शांतपणे म्हणाला, "ओ वाडीवाले, वाऱ्याकडं तोंड नाय करायचं. तुमचं तुमालाच परत येल."

"हललीस," मी म्हणालो. "परत काढू."

ती हलली नव्हती. मीच हललो होतो.

पुढे मी या कलेत तरबेज झालो. सावली आली. बोट आड आलं. उजवीकडचा जरा अंधुक वाटतो. पाच फोटोंना वीस मिनिटं लागू लागली. तेवढ्यात आजोबांना सुकट खायला लावून झालं, जाळं ओढताना त्यांचं धोतर जाळ्यात गेलं, ते धोतर पापलेटांसकट वर आलं. मी तांडेल होई, आजोबा होई, पापलेटही होई. कडीमुळे मुलीचं तोंड आधीच हसरं, त्यामुळे ती हसली की नाही हे डोळ्यांवरून ओळखावं लागे. सुरुवातीला तिचे डोळे विहिरीकडे असत. नंतर माझ्या तोंडाकडे आले. दर गुरुवारी मी आजोबांना भर समुद्रात सोडून "झाले फोटो" म्हणायचो. ती कडी काढायची, नळाखाली धुवायची आणि आत जायची.

मग एका आठवड्यात कारखाना दुरुस्तीसाठी बंद ठेवला होता आणि सामान देता देता माझा गुरुवार गेला. शनिवारी मी अंघोळीला गेलो असताना फोटो बायकोनं काढले. मी डोकं पुसत बाहेर आलो तर ते पाठवूनही झाले होते.

"अहो, एका मिनिटाचं तर काम," बायको म्हणाली. "ही म्हणते तुम्हाला वीस मिनिटं लागतात. एवढं काय असतं तुमचं?"

मुलीनं माझ्याकडे बघितलं. मी मांजराकडे बघितलं.

पुढच्या गुरुवारी ती पायरीवर आली, कडी बसवली, हनुवटी वर केली. मी पाच फोटो काढले. एक मिनिटही लागलं नाही. चोरी उघडी पडल्यावर तोच खेळ पुन्हा मांडायला जी निर्लज्जता लागते, ती माझ्याकडे साऱ्या गावासाठी आहे, तिच्यासाठी नाही. ती नळाशी कडी जरा जास्त वेळ धूत राहिली असं मला वाटलं. पण माझ्यासारख्या माणसाला हवं ते वाटतं. मग दार लोटल्याचा आवाज आला.

बाकीचे सगळे गुरुवार असेच एकेका मिनिटाचे गेले.

शेवटच्या दिवशी बाईंनी साचे घट्ट बसावेत म्हणून दातांवर चिकटवलेले बारीक उंचवटे घासून काढले आणि झोपताना घालायचा एक साचा दिला. फोटो आता नकोत म्हणाल्या. दात सरळ, सुंदर. परत येताना स्कूटरवर ती मागे बसली होती. कारखान्यांचा वास मागे पडला, खारा वारा लागला, तेव्हा पाठीमागून आवाज आला.

"पप्पा, पणजोबा शेवटी उतरले कुठे?"

खरी गोष्ट पाच मिनिटांची आहे. आजोबा त्याच संध्याकाळी नवापूरला उतरले. किनाऱ्यावर त्यांची आई पळी घेऊन उभी होती. गोष्ट संपली. लोकांना मी ती तशीच सांगतो आणि पळीला हमखास हशा येतो. त्या दिवशी मात्र ती पळी माझ्या तोंडातून निघेना.

"अजून नाही उतरले," मी म्हणालो.

चिंचणी आल्यावर ती म्हणाली, "मग घाईनं उतरवू नका."

जूनमध्ये ती अकरावीसाठी पुण्याला हॉस्टेलवर गेली. पहिले काही गुरुवार फोन यायचा. आजोबा कुठे पोचले, एवढंच विचारायची. मी सांगायचो आणि ती ठेवून द्यायची. मग परीक्षा आली, मैत्रिणी आल्या. आता फोन रविवारी येतो, आईला येतो. शेवटी माझ्या हातात दिला की "जेवले" म्हणते.

कडी माझ्याकडेच राहिली आहे. एकदा ती मी स्वतःच्या तोंडात बसवून पाहिली आणि आरशासमोर तांडेलाचं वाक्य म्हणायला गेलो. नुसती लाळ गळली. मांजर बघत होतं.

गुरुवारी कामावरून आलो की मी मागच्या पायरीवर बसतो. तिनं विचारलं तर सांगायला हवं, म्हणून आजोबांना दर आठवड्याला थोडं पुढे नेऊन ठेवतो. सध्या ते, ज्या एडवणला जायचं टाळून पळाले, त्याच्याच समोर आहेत. ओहोटी लागली आहे, होडी आत घेता येत नाही.