साहेबांच्या तोंडचं वाक्य

हे अण्णांनी वाचावं म्हणून लिहितोय. तोंडाने सांगायची हिंमत माझ्यात उरलेली नाही.

माझी युद्धावरची कादंबरी आली तेव्हा मी साठी ओलांडली होती. बसवनगुडीतल्या मराठी मंडळींनी शाल-श्रीफळ दिलं. "फौजी असून छान लिहिता हो," असं कौतुकही केलं. मी ते हसून घेतलं.

पुस्तकात सगळं खरं होतं, एक पान सोडून. त्या पानावर एक अधिकारी वायरलेसवरून वरच्या चौकीतल्या चौघांना सांगतो, "मदत निघाली आहे, तासाभरात पोहोचते. जागा सोडू नका." मदत निघालेलीच नसते. चौघं थांबतात आणि मारले जातात.

प्रत्यक्षात वायरलेसवर मी होतो. आमच्या साहेबांचा हुकूम स्पष्ट होता : सकाळपर्यंत कुणाला पाठवता येणार नाही, जमेल तसे खाली या म्हणून सांग. पलीकडे माझा जिवलग दोस्त होता. आम्ही दोघं निपाणीकडचे, एकाच भरतीत लागलेले. त्याचा आवाज रडवेला झाला होता आणि मला तो ऐकवेना. त्याला धीर यावा म्हणून, मदत निघाली आहे, असं मी माझ्या मनाचं बोललो. पुढे लिहायला बसलो तेव्हा ते वाक्य साहेबांच्या तोंडी घातलं. कादंबरीत असं चालतं, अशी स्वतःची समजूत काढली.

मग अण्णांचा फोन आला. अण्णा म्हणजे त्या दोस्ताचे थोरले भाऊ, राजाजीनगरात मुलीकडे राहतात. पुस्तक त्यांनी तीनदा वाचलं होतं.

"तो साहेब गावला बघ," ते म्हणाले. "येलहंक्यात घर हाय त्याचं. रविवारी जाऊया. तू हवास सोबत."

"अण्णा, ती कादंबरी आहे."

"माझा भाऊ कादंबरीत मेला काय?"

रविवारपर्यंत मला अन्न गोड लागलं नाही. फोन उचलायचो, पुन्हा ठेवायचो. बसमध्ये अण्णा खिडकीशी बसले होते, मांडीवर पुस्तक, त्या पानात खुणेला जुनं तिकीट. हेब्बाळ आलं की सांगू, येलहंका आलं की सांगू, असं मी लांबवत राहिलो. शेवटी साहेबांच्या दाराची बेल अण्णांनीच वाजवली.

साहेब काठी टेकत आले. इथल्याच जुन्या मराठी घराण्यातले ते. त्यांनी मला लगेच ओळखलं. "बन्नी, बन्नी, या, बसा," कानडी-मराठीत म्हणाले. "किती वर्षांनी रे." कॉफी आली. अण्णांनी कपाला हात लावला नाही. ते पान उघडून त्यांनी साहेबांसमोर धरलं. साहेबांनी चष्मा लावून सावकाश वाचलं.

"हे तुम्ही सांगितलं काय माझ्या भावाला?" अण्णांनी विचारलं. "खरं तेवढं सांगा. बाकी काय नको मला."

साहेबांनी पुस्तकावरून नजर उचलून माझ्याकडे पाहिलं. आपला हुकूम त्यांना पक्का आठवत होता, हे मला दिसलं. सांगायला लाज वाटते, त्या क्षणी मला एवढंच हवं होतं की त्यांनी हो म्हणावं.

"हो," साहेब म्हणाले. "मीच सांगितलं."

अण्णांनी पुस्तक मिटून घेतलं. मग नमस्कारही न करता उठले. साहेब दारापर्यंत आले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि "नीट जा," एवढंच म्हणाले. मला तिथेच जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

परतीच्या बसमध्ये अण्णा रडले. इतक्या वर्षांत मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. मग डोळे पुसून त्यांनी पुस्तक माझ्यापुढे धरलं.

"सही कर," म्हणाले. "तुझ्यामुळं कळलं सगळं. तुझ्यासारखा दोस्त मिळाला, एवढं तरी नशीब होतं त्याचं."

खिशातलं पेन काढून मी सही केली.