साक्रीच्या बाजारातली हलकी कुऱ्हाड

धुळ्याच्या ऑफिसात लागलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात साहेबांनी विचारलं होतं, वडील काय करतात? मी म्हणालो, शेती बघतात. आमच्या नावावर वीतभर जमीन नाही. आबा, म्हणजे माझे वडील, कुऱ्हाडी-विळे घडवतात आणि साक्रीच्या आठवडे बाजारात गोणपाट टाकून विकतात. हे सांगायची मला लाज वाटली. कोणी हिणवलं नव्हतं, हसलंही नव्हतं. नुसती लाज वाटली.

गेल्या हिवाळ्यात साहेबांच्या डोक्यात कॅम्पिंग शिरलं. साक्रीच्या पुढे डोंगरात तंबू ठोकायचे, वाळकी लाकडं फोडून शेकोटी करायची. मग काय, आठवडाभर ऑफिसात कुऱ्हाडीशिवाय दुसरा विषय नव्हता. फोनवर परदेशी कुऱ्हाडी बघून झाल्या, काळ्या पात्याच्या, रबरी मुठीच्या. किंमत दिसली की साहेबांचं तोंड उतरायचं. बॅगेत मावेल अशी हलकी हवी आणि स्वस्तही हवी. कुठलं पातं, कुठला दांडा, मला बसल्या जागी सांगता आलं असतं. पण हे कुठून शिकलास, असं कोणी विचारलं असतं तर? मी फायलीत डोकं घालून बसलो.

निघालो त्या दिवशी साहेब म्हणाले, "आज साक्रीचा बाजार ना? वाटेतच घेऊ." धुळ्यातच एखाद्या हार्डवेअरच्या दुकानात बघू, असं मी दोनदा सुचवून पाहिलं. गाडीत आम्ही तिघंच होतो: साहेब, मी आणि माझ्या शेजारच्या टेबलावरचा सहकारी. रस्ता तासाभराचा. तिथे माझे वडील बसतात, एवढंच म्हणायचं होतं. मी खिडकीबाहेरचे मैलाचे दगड मोजत राहिलो.

बाजारात साहेब नेमके आबांच्या पुढ्यातच जाऊन उभे राहिले. आबांनी मान वर केली. मला बघून त्यांचा चेहरा फुलला, तोंड उघडलं. मी खिशातून फोन काढला आणि त्यात बघू लागलो. आबांनी उघडलेलं तोंड मिटलं आणि ते साहेबांना म्हणाले, "या भाऊ, काय पाहिजे?"

साहेबांना हलकी हवी होती. आबांनी तीन पाती समोर ठेवली, प्रत्येकावर नखाने टिचकी मारून आवाज ऐकवला. बाभळीच्या दांड्यातली लाकडाची रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ आहे की नाही, तेही दाखवलं. "हलकी कुऱ्हाड जास्ती घाव मांगस, भाऊ," ते म्हणाले. "लाकडं कोन फोडनार शे?"

सहकाऱ्याने माझ्याकडे बोट केलं. "हा. आमच्यातला गावाकडचा हाच."

आबा ज्याच्या हातात कुऱ्हाड जाणार त्याच्या हाताचं माप घेतल्याशिवाय दांडा कापत नाहीत. काखेपासून मुठीपर्यंतचं माप. हे मला माहीत होतं, तरी त्या क्षणी ध्यानात आलं नाही. ते गुडघ्यावर हात टेकून उठले. "हात दखाडा भाऊ," म्हणाले. मी हात पुढे केला. त्यांनी दांड्याचं टोक माझ्या काखेत धरलं आणि दुसऱ्या हाताने माझं मनगट सरळ केलं. त्यांची बोटं नेहमीसारखीच खरखरीत होती. इतक्या जवळून त्यांनी एकदाही माझ्या तोंडाकडे बघितलं नाही. खुणेवर दांडा कापला, पात्यात बसवला, पाचर ठोकली. साहेबांनी किंमत पाडून मागितली. कधी रुपयाला न हलणारे आबा लगेच हो म्हणाले. आम्ही तिथून लवकर जावं, एवढंच त्यांना हवं होतं.

गाडीत साहेब म्हणाले, "बघितलंस, म्हातारा कसा झटकन उतरला? लुटायलाच बसलेले असतात." मी हसलो. त्या हसण्याबद्दल मी स्वतःला आजही माफ केलेलं नाही. दोन दिवस त्या कुऱ्हाडीने मीच लाकडं फोडली. ती माझ्या हाताला इतकी बेतशीर होती की माझं डोकं फिरायचं. साहेब मात्र तिचे फोटो काढून सगळ्यांना पाठवत राहिले.

पुढच्या आठवड्यात बाजाराच्या दिवशी मी रजा टाकली. आबांच्या शेजारी गोणपाटावर बसायचं, ओळखीचं कोणी आलं तर मोठ्याने सांगायचं, असं ठरवून साक्रीला गेलो. त्यांच्या जागेवर एक बाई लसूण विकत होती. तसाच गावाकडच्या घरी गेलो. आई म्हणाली, आबा साक्रीला जाणं सोडून डोंगरापलीकडच्या बाजाराला गेलेत, दोन एसटी बदलून.

ते दिवेलागणीला आले. खांद्यावर लोखंडाचं पोतं होतं, धाप लागली होती. मी पोतं उतरवून घेतलं आणि विचारलं, साक्री का सोडली?

ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. उंबऱ्यावर बसून त्यांनी पायातल्या चपला काढल्या आणि मला समजावल्यासारखं म्हणाले, "तू चिंता नको करू. तठे तुना ऑफिसना कोनी येत नही."