नळावरची पाटी

कचरू मिलच्या बॉयलरखात्यात फिटर होता. डिसेंबर ९१ मध्ये मिलला कुलूप लागलं आणि तो दारातल्या खाटेवर बसून राहिला. बायको जयाने तीन महिने वाट पाहिली. मग म्हणाली, "देपालपूरला माझा भाऊ तुम्हाला धान्याच्या दुकानात बोलावतोय, पोती मोजायला. चौदा एप्रिलची जयंती इथे करू. तोवर तुमचा धंदा जमला तर ठीक, नाहीतर सामान बांधायचं."

"वाफ सांभाळणारा माणूस पोती मोजेल?" असं म्हणून कचरूने घरोघरचे नळ दुरुस्त करायचं ठरवलं.

पहिला नळ आमच्याच घराच्या कुंपणाबाहेरचा. नऊ घरं त्यावर पाणी भरत. नर्मदेचं पाणी दिवसाआड पहाटे पाऊण तास येई, आणि नळ सतरा वर्षं गळत होता. सियागंज बाजारातला दुकानदार म्हणे, जुना फेका, आता नवे चमकदार आलेत. कचरू मला म्हणाला, "बाई, हे पितळ आहे. आजारी आहे, मेलेलं नाही."

आठ एप्रिलला त्याने आधी पाइपला कान लावला. मग आटे सुटावेत म्हणून घासलेट ओतून अर्धा तास नळासमोर बसला. जोर मिळावा म्हणून पान्याच्या दांड्यावर नळीचा तुकडा चढवून नळ सोडवला, आतलं वायसर बदललं, आट्यांवर सूत गुंडाळून फटी बुजवणारा सफेदा लावला आणि नळ परत बसवला. सफेदा सकाळपर्यंत सुकायला हवा होता, म्हणून पत्र्याच्या तुकड्यावर माझ्याकडून लिहून घेतलं: 'काम चालू. कचरूशिवाय कोणी हात लावू नये.' मिलमध्ये वाफेच्या वाल्ववर अशीच पाटी असे. टांगेल त्यानेच काढायची, मॅनेजरनेसुद्धा नाही.

पाटी टांगून तो जयाच्या हुकमाने मेहुण्याला तोंड दाखवायला देपालपूरला गेला. मेहुण्याने मुक्कामाला ठेवून घेतलं.

पहाटे ५.१० ला पाइप गुरगुरला. नऊ घरं बादल्या घेऊन उभी राहिली. सगळी मिलची माणसं. कोणी पुढे होईना.

"मालोजीकाका, काढून टाका ना, पाणी चाललंय," शेजारची मंगला म्हणाली.

मालोजी बॉयलरखात्यातले जुने जमादार. "पाटी कुणाची?"

"कचरूची."

"मग कचरूला आणा."

"तो देपालपूरला आहे."

"मग नर्मदेला थांबायला सांगा."

मंगला माझ्याकडे वळली. "बाई, अक्षर तुमचं. तुम्ही काढा."

"अक्षर माझं, पाटी त्याची," मी म्हणाले. माझे यजमान त्याच मिलच्या टाइम ऑफिसात होते, नियम मलाही पाठ.

जया पुढे आली. मालोजींनी काठी आडवी धरली. "वहिनी, नियम आहे."

"काका, मिलला कुलूप लागलंय."

"मिलला लागलंय. नियमाला नाही."

५.५२ ला पाणी गेलं. साडेसहाला कचरू मेहुण्याने दिलेलं गव्हाचं पोतं खांद्यावर घेऊन आला. नऊ घरांच्या रिकाम्या बादल्या त्याच्या वाटेत मांडलेल्या. त्याने पाटी काढली, नळ सोडला. आतून नुसती हवा आली.

त्या दिवशी नऊही घरांनी त्याला बोल लावले, मंगलाने सगळ्यात जास्त. सगळ्यांनी चौकातल्या हातपंपावरून पाणी आणलं आणि जयाने पाच दिवस आधीच ट्रंक भरायला घेतली.

अकरा तारखेला पाणी आलं. सगळ्यांचं भरून झाल्यावर, पाणी चालू असतानाच, कचरूने दोन बोटांनी नळ बंद केला. नऊ घरं थेंबाची वाट बघत वाकून उभी. मालोजींनी खाली तळहात धरला. मिनिटभराने तो मंगलाला दाखवला. कोरडा.

सगळ्यात जास्त बोललेली मंगलाच पहिली त्याला भाऊ म्हणत पुढे आली, "कचरू भिया, आमच्या मोरीतला कधी बघतोस?"

संध्याकाळपर्यंत नळ दुरुस्त करून हवा असलेल्यांची सात नावं माझ्या कागदावर झाली. सगळ्यांची अट एकच होती, पाटीवर दुसरं नाव हवं. मी खाली लिहिलं: 'कचरू नसल्यास जया काढेल.' मालोजींनी दोनदा वाचलं. "दुसऱ्या पाळीचा माणूस. बरोबर आहे."

जया घरी जाऊन ट्रंकेतली भांडी परत फळीवर लावू लागली. भावाला काय कळवणार, मी विचारलं.

"कळवते की, इथे माझी ड्यूटी लागली आहे."

गहू मात्र तिने परत पाठवला नाही. जयंतीला त्याच्याच पोळ्या झाल्या.