हिरव्या डोळ्यांची सून

ती घटना आठवली की आधी दिसते ती एका डोळ्यावर पट्टी बांधलेली, भिंतीकडे तोंड करून पडलेली मुलगी. नव्वदच्या दशकातली गोष्ट. लखनौमधल्या एका ठाण्याचा मी प्रमुख होतो.

सकाळची हजेरी चालू असतानाच इस्पितळातून फोन आला. एका नव्या नवरीच्या डोळ्याला गंभीर इजा झाली आहे, वडील सासरच्यांवर आरोप करताहेत. मागोमाग वडीलच ठाण्यात आले. बँकेत अधिकारी, मूळचे साताऱ्याचे. माझ्या छातीवरचं आडनाव वाचून मराठीतच सुरू झाले.

"साहेब, त्या बाईने माझ्या पोरीच्या डोळ्यात काहीतरी घातलंय. पोरगी घाबरून तोंड उघडत नाही. सासूला आधी आत टाका!"

अशा तक्रारीत उशीर महागात पडतो आणि घाईही. ठाण्याचं लिखाण सांभाळणाऱ्या दिवाणजींना रोजनामच्यात नोंद करायला सांगितली, एक महिला शिपाई बरोबर घेतली आणि इस्पितळ गाठलं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बुबुळावर जखम आहे, जंतू शिरलेत. नेमकं काय झालं ते कळलं तर योग्य औषध देता येईल. नाहीतर डोळा जाईल." मुलीचं मात्र एकच पालुपद, "काही नाही, कचरा गेला."

सासूला व्हरांड्यात बसवून विचारलं. गुन्हा केलेला माणूस सहसा स्वतःची बाजू मांडत बसतो. ही बाई सुनेबद्दलच बोलत होती.

"दरोगाजी, हम क्यों बिगाड़ेंगे? पूरे ख़ानदान में ऐसी हरी आँखें किसी की नहीं. मुँहदिखाई में सारा मोहल्ला देखने आया था!"

मी आत जाऊन पाहिलं. मुलीचा उघडा डोळा काळाभोर होता.

महिला शिपाई तेवढी ठेवून बाकीच्यांना बाहेर काढलं आणि हळूच विचारलं, "बेटा, लेन्स कुणाच्या?" ती हमसून रडू लागली.

पाहण्याच्या कार्यक्रमाला पार्लरवालीने तिला हिरव्या लेन्स घातल्या होत्या. वडिलांना तो नट्टापट्ट्याचाच भाग वाटला. सासू मात्र त्या डोळ्यांवर भाळली. मग लग्नातही त्याच लेन्स आणि पार्लरवालीकडून मागून घेऊन सासरीही. कुणी पाहील म्हणून ही मुलगी झोपतानाही त्या काढत नव्हती. डोळा लाल झाला, टोचू लागला, तरी नाही. इस्पितळात आणण्याआधी मात्र तिने त्या गुपचूप काढून पर्समध्ये लपवल्या होत्या.

पार्लरवालीला इस्पितळातच बोलावलं. तीच एक जोडी ती आधी सगळ्या नववधूंना घालत आली होती.

"साहब, हर दुल्हन के बाद धोती हूँ. नल के पानी से. फिर गुलाबजल में रखती हूँ."

हे तिने अभिमानाने सांगितलं! मला संताप आला, पण आवाज चढवला नाही. लेन्स पंचनामा करून जप्त केल्या, तिच्यावर निष्काळजीपणाचा गुन्हा नोंदवला. डॉक्टरीणबाईंनी तिला तिथेच सुनावलं, "नंबर नसला तरी लेन्स डोळा तपासून, मापानेच घ्यायची. ज्याची त्याने वापरायची. हात धुऊन घालायची, तिच्याच औषधी द्रावणात ठेवायची, पाणी लावायचं नाही. झोपताना काढायची आणि डोळा लाल झाला तर तत्काळ."

डोळा वाचला, बुबुळावर बारीक पांढरा डाग राहिला. वडिलांनी विहीणबाईंसमोर हात जोडले. सासू सुनेच्या उशाशी बसून होती. "इतनी सी बात थी बिटिया, हमसे कही क्यों नहीं?"

सून म्हणाली, "आप बहुत ख़ुश थीं, अम्मा."

नव्या सुनेला घरात धाक कुणाचा, हे आम्ही जबाब घेताना नेहमीच विचारायचो. त्या दिवसापासून मी आणखी एक प्रश्न विचारू लागलो, "घरात तुझं कौतुक कशाचं होतं?"